खारीचा बांध, पाणथळीची पेढी आणि राखणीचा खर्च

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीच्या पूर्वेतिहासावर एखादा तरी लेख असावा, असा प्रघात आहे. आजवर विद्वान बंधूंनी कुलदैवतांविषयी, मूळ गावांविषयी आणि जुन्या कर्त्या पुरुषांविषयी लिहिले. प्रस्तुत लेखक हा खेड्यातील एक निवृत्त शिक्षक आहे. ताम्रपट वाचण्याचा अधिकार त्याला नाही. परंतु ज्या खारीच्या भातावर आपल्या किती तरी पिढ्या पोसल्या, त्या खारीच्या बांधालाही एक इतिहास आहे आणि तो राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकाच मननीय आहे, असे मला वाटत आले आहे. यंदा त्याच विषयावर चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. बांधाच्या निमित्ताने सातासमुद्रापलीकडील एका नगराची हकीकतही सांगावयाची आहे. कारण जो प्रश्न आपल्या पूर्वजांपुढे होता, तोच निराळ्या रूपाने तेथील लोकांपुढे उभा राहिला. तो प्रश्न असा की, जी भूमी सर्वांच्या उपयोगी पडते, तिच्या राखणीचा खर्च वर्षानुवर्षे कोणी सोसावयाचा?

मी आठ-नऊ वर्षांचा असताना श्रावणातील एका उधाणाच्या रात्री आमच्या गावच्या बांधाला खांड पडली. "खांड परली रे!" ही आरोळी आळीआळीतून फिरली आणि घरटी एक माणूस कंदील, फावडे व घमेले घेऊन बाहेर पडला. वडिलांच्या पाठोपाठ मीही निघालो, तेव्हा आईने दरडावून मागे ओढले. पहाटे वडील गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून परत आले व ओटीवर बसून एवढेच म्हणाले, "गेली यंदाची खार." खाऱ्या पाण्याने भिजलेल्या त्या शेतात पुढे दोन-तीन पावसाळ्यांच्या पाण्याने मीठ धुऊन जाईतो धड पीक आले नाही. खाऱ्या जमिनीत तग धरणारा आमचा तांबडा राता, तोही करपला. त्या वर्षी घरात तांदूळ विकत आणावा लागला, ही गोष्ट माझ्या आईला शेवटपर्यंत लागून राहिली होती.

पुढे शिक्षकी पेशात असताना जुनी गॅझेटिअरे चाळण्याचा योग आला आणि त्या रात्रीचा अर्थ उमगू लागला. अलिबाग-पेणच्या खारेपाटातील पुष्कळशा बंदिस्त्या सुमारे १७५५ ते १७८० या काळात, आंगऱ्यांच्या अमलात, झाल्या. समुद्राच्या तोंडावर मोठा बांध घालावयाचा तर पैसा हवा, माणसे हवीत आणि पीक येईपर्यंत थांबण्याची ऐपत हवी. हे काम तालेवार गृहस्थांनी अंगावर घेतले. या बंदिस्त्यांना शिलोत्री म्हणत व बांध राखणाऱ्यास शिलोत्रीदार. बाहेरचा बांध सदैव दुरुस्त ठेवणे हे त्याचे कर्तव्य. आणि त्याबद्दल दर बिघ्यास सहा अधोली भात शेतकऱ्याकडून घेणे हा त्याचा हक्क. या भातास 'शिलोत्री मण' असे नाव होते. शिलोत्रीचे दोन प्रकार होते. कुळार्गीत शेतकरी जमीन थेट सरकाराकडून धरी आणि शिलोत्रीदाराचा संबंध बांधापुरताच असे. खोती शिलोत्रीत मात्र जमिनीचा धनीही तोच; त्यामुळे मण तर द्यावाच लागे, शिवाय पिकाचा हिस्साही द्यावा लागे.

वाचकहो, या व्यवस्थेतील मर्म ध्यानात घ्यावे. राखणीचा खर्च हा प्रत्येक वर्षाच्या पिकावरच बसविलेला होता. बांध एकदा घातला की काम संपले, असे जुन्या लोकांनी मानले नाही. समुद्र रोज दोनदा येतो. तेव्हा बांधाची निगाही नित्याची असली पाहिजे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. भरतीच्या लाटांचा जोर मोडावा म्हणून बांधाच्या बाहेर खारफुटीचा पट्टा राखण्याची रीतही त्यांनी पाळली. परंतु या व्यवस्थेत एक उणीव होती. मण घेणारा एक आणि बांध फुटल्यावर उपाशी राहणारा दुसरा, अशी वाटणी जेथे झाली तेथे मण वेळच्या वेळी वसूल होई, पण बांधाकडे लक्ष राहीलच, याची शाश्वती नव्हती. खोतीचा जाच पुढे इतका वाढला की, २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला आणि १९३९ पर्यंत जमिनी ओसाड ठेवल्या. परंतु ते हटले नाहीत. तो इतिहास आपल्या घराघरांत सांगितला जातो. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही.

गोव्यात याच प्रश्नाला निराळे उत्तर सापडले. तेथील खाजण जमिनींचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर मानले जाते. तेथे बांध गावकरीचा, म्हणजे गावाच्या समाईक संस्थेचा. पोर्तुगीज येण्याच्या पूर्वीपासून ती चालत आली होती; १५२६ मध्ये आफोंसो मेशिया याने तिच्या चालीरीती लिहून काढल्या. खाजणाला जेथे पाणी आत-बाहेर करण्याचा दरवाजा असतो त्यास तेथे मानस म्हणतात. आपण त्यास उघाडी म्हणतो. या मानशीवरील मासळीचा लिलाव करावयाचा आणि त्या उत्पन्नातून बांध राखावयाचा, अशी तेथील रीत. येथे पैसा घेणारा आणि बांध फुटल्यास बुडणारा एकच, म्हणजे गाव. ही व्यवस्था दीर्घकाळ टिकली याचे रहस्य यात आहे. पुढे १९६४ च्या कूळकायद्याने कुळांना संरक्षण मिळाले, ते न्याय्यच होते; बांधाची जबाबदारी हळूहळू कुळांच्या संघांकडे आली. परंतु कित्येक ठिकाणी मासळीचे उत्पन्न भातापेक्षा जड झाले, खारे पाणी अधिक वेळ आत ठेवण्याचा मोह वाढला आणि ज्या उत्पन्नाने बांध राखावयाचा, त्याच उत्पन्नापायी शेते नासू लागली. निधी कितीही मोठा असो, तो कशासाठी आहे याचा विसर पडला की असे होते.

आता परदेशाकडे वळू. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकात पाणथळ भूमी म्हणजे निरुपयोगी भूमी, रोगराईचे आगर, अशी समजूत होती. १८४९, १८५० व १८६० या वर्षी केलेल्या कायद्यांनी मध्यवर्ती सरकारने दलदलीच्या जमिनी निरनिराळ्या राज्यांना देऊन टाकल्या. हेतू हा की, त्यांनी पाणी काढून त्या लागवडीस आणाव्यात. परिणाम असा झाला की, १७८० च्या सुमारास अलास्का व हवाई वगळून उर्वरित देशात जी सुमारे २२ कोटी १० लक्ष एकर पाणथळ भूमी होती, ती १९८० च्या दशकात १० कोटी ४० लक्ष एकरांच्या आसपास उरली. दोनशे वर्षे दर तासाला सरासरी साठ एकर पाणथळ नाहीशी होत गेली, असा हिशेब तेथील शासनाच्या शास्त्रज्ञांनी मांडला. एका कॅलिफोर्निया राज्यात तर शंभरातील एक्याण्णव भाग नष्ट झाले. मग पुरांचा जोर वाढला, मासळी घटली, पाणपक्षी दिसेनासे झाले आणि लोकांचे डोळे उघडले.

१९७२ साली तेथे स्वच्छ जलाचा कायदा झाला. त्याच्या ४०४ व्या कलमान्वये नद्या व पाणथळी यांत भराव घालण्यास सेनेच्या अभियंता दलाचा परवाना आवश्यक ठरला. १९८९ पासून राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या शासनाने 'पाणथळींत निव्वळ घट होऊ नये' हे धोरण स्वीकारले. १९९० मध्ये त्याची पायरी ठरली ती अशी : प्रथम पाणथळीची हानी टाळावी, टाळता येत नसेल तर ती कमीत कमी करावी, आणि इतके करूनही जी हानी अटळ असेल, तिची भरपाई करावी. हा क्रम उलट करता येत नाही. पैसे भरण्याची तयारी आहे एवढ्यावर कोणासही भराव घालण्याचा हक्क मिळू नये, हा त्यातील मुख्य भाव आहे.

भरपाई करावयाची कशी? आरंभी ज्याने भराव घातला त्यानेच दुसरीकडे तेवढी पाणथळ निर्माण करावी, अशी अपेक्षा असे. परंतु दुकाने किंवा घरे बांधणाऱ्यास पाणथळीचे ज्ञान कोठून असणार? तो एखादा खड्डा खणी, त्यात चार झाडे लावी आणि मोकळा होई. यातून एक नवी कल्पना निघाली. १९८३ मध्ये तेथील मत्स्य व वन्यजीव खात्याने तिच्याविषयी प्रथम मार्गदर्शन केले आणि १९९५ मध्ये मध्यवर्ती सरकारने तिचे नियम प्रसिद्ध केले. ही कल्पना म्हणजे 'वेटलँड मिटिगेशन बँक'. आपण तिला पाणथळ-भरपाईची पेढी म्हणू.

तिचा व्यवहार असा चालतो. एखादी नगरपालिका, राज्याचे खाते किंवा खाजगी संस्था पूर्वी नासलेली पाणथळ जमीन घेते व ती पुन्हा मूळ स्थितीस आणते. जुने चर बुजविते, बांध काढते, पाण्याची वाट मोकळी करते, स्थानिक गवते व झाडे लावते. त्या कामाची पाहणी अनेक खात्यांच्या अधिकाऱ्यांची एक समिती करते आणि सुधारणा जितकी सिद्ध होईल तितके जमेचे अंश त्या पेढीच्या खाती मांडते. या अंशांना तेथे क्रेडिट म्हणतात. ज्या कोणास त्याच पाणलोट परिसरात अटळ भराव घालावयाचा असेल, त्याने या पेढीकडून आवश्यक तितके अंश विकत घ्यावयाचे. विकलेले अंश खात्यातून कमी होतात आणि सर्व नोंदी सार्वजनिक वहीत राहतात. एका नदीच्या खोऱ्यातील नुकसान दुसऱ्याच दूरच्या खोऱ्यात भरून काढू नये म्हणून प्रत्येक पेढीचे कार्यक्षेत्र आखून दिलेले असते.

ओरेगॉन राज्यात विलामेट नदीच्या खोऱ्यात युजीन नावाचे नगर आहे. त्याच्या पश्चिमेकडील सखल भागात कारखान्यांसाठी जागा राखून ठेवली होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस असे आढळले की, त्यांतील पुष्कळ जमीन कायद्याने पाणथळ ठरते. हिवाळ्याच्या पावसात तेथील चिकण मातीवर पाणी साचते, उन्हाळ्यात ती कोरडी पडते आणि त्या ओल्या कुरणात दुर्मिळ वनस्पती वाढतात. त्या खोऱ्यातील मूळ कुरणांपैकी शंभरात एक भागही उरलेला नव्हता. कलापूया नावाचे तेथील आदिवासी पूर्वी ती कुरणे ठराविक हंगामात जाळून मोकळी राखीत. ते लोक विस्थापित झाल्यावर राखणही संपली. जमीनमालक धास्तावले, उद्योग अडले, निसर्गप्रेमी मंडळी हट्टास पेटली. परवान्यागणिक एकेक तंटा लढण्याऐवजी नगरपालिकेने सबंध परिसराची एक योजना करावयाचे ठरविले. कोणती पाणथळ राखावयाची, कोठे भराव घालू द्यावयाचा आणि भरपाई कोठे करावयाची, हे नकाशावर आधीच ठरविले. नगर व जिल्हा यांनी १९९२ मध्ये ही योजना स्वीकारली आणि १९९४ मध्ये राज्याची व अभियंता दलाची संमती मिळाली. भरपाईची पेढी नगरपालिकेने स्वतः चालविली.

जमिनी मिळविण्याच्या कामी मध्यवर्ती सरकारच्या भूमी खात्याने राष्ट्रीय निधीतून साह्य केले. अंश विकून आलेला पैसा सुधारणेस व राखणीस लागला. पूर्वी जो ओढा सरळ कालव्यासारखा खणून बांधांत कोंडला होता, त्याच्या काही भागाचे बांध काढून त्याला पुन्हा पसरण्यास वाव दिला. बाहेरून आलेली आक्रमक गवते काढून टाकली आणि त्याच खोऱ्यातील कुरणांतून गोळा केलेले बियाणे वाढवून पेरले. कारण बियाणे जेथले असेल तेथल्या मातीस ते मानवते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. राता डोंगरउतारावर पेरून कोणी पाहिला आहे काय? त्याच खोऱ्यात, नामशेष झाले असे समजले गेलेले एक लहानसे निळे फुलपाखरू १९८९ मध्ये पुन्हा आढळले होते; अशा कुरणांच्या राखणीने त्यास आधार मिळाला. मला मात्र त्या योजनेत फुलपाखरापेक्षाही हिशेबाची वही अधिक शिकण्यासारखी वाटते.

तो हिशेब शाळेतल्या फळ्यावर मांडावा तसा येथे मांडतो. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, एका पेढीने जमीन घेतली, ती सुधारली, पाच-दहा वर्षे पाहणी केली आणि या सर्वांस २४ लक्ष डॉलर खर्च आला. समितीने तिला ६० अंश मंजूर केले. तर एक अंश ४०,००० डॉलरांस विकला की खर्च निघाला. घेणारा खूष, देणाराही खूष. परंतु अकराव्या वर्षी गवत कोणी काढावयाचे? कुंपण कोणी नीट करावयाचे? त्यासाठी ६ लक्ष डॉलरांची कायम ठेव करावयाची असेल, तर एकूण खर्च ३० लक्ष होतो आणि अंशाची किंमत ५०,००० पडते. जी पेढी स्वस्ताईच्या मोहाने ४०,००० सच विकते, ती पुढच्या पिढीच्या नावावर कर्ज लिहून ठेवते. या एका चुकीने कित्येक चांगली कामे धुळीस मिळाली, असे तेथील अनुभवी माणसांस आढळून आले.

२००१ साली तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने भरपाईच्या एकूण कामांची तपासणी केली. निव्वळ घट होऊ न देण्याचे ध्येय पाणथळींच्या कार्याच्या बाबतीत साधले जात नाही, असा निष्कर्ष तिने काढला. कागदावर एकर जुळत होते. जागेवर काही ठिकाणी काम झालेच नव्हते आणि काही ठिकाणी झालेले काम टिकले नव्हते. त्यानंतर एप्रिल २००८ मध्ये कडक नियम झाले. ते आपणासही बोधप्रद असल्यामुळे थोडक्यात देतो. पेढीची जमीन कायम संरक्षित असल्याचा दस्त झाला पाहिजे. काम अपुरे राहिल्यास ते पुरे करण्यापुरती रक्कम जामीन, विमा किंवा ठेव या रूपाने आधी बांधून ठेवली पाहिजे. सर्व अंश एकदम विकता येत नाहीत. काम जसे सिद्ध होईल तसे ते टप्प्याटप्प्याने मोकळे होतात. किमान पाच वर्षे पाहणी झाली पाहिजे. झाडांस वाढीला अवधी लागत असेल तेथे अधिक. आणि पाहणीचा काळ संपल्यावर राखण कोणी करावयाची व त्याचा पैसा कोठून यावयाचा, हे आरंभीच लिहून ठेवले पाहिजे.

या पद्धतीतही दोष उरलेच आहेत. शहरातली पाणथळ बुजते आणि भरपाई दूरच्या खेड्यात होते. ज्या वस्तीचे पुराचे पाणी त्या पाणथळीत जिरत असे, तिला त्या दूरच्या कुरणाचा काय उपयोग? दुसरे, ही पेढी मागणीवर जगते आणि मागणी कायद्यावर. मे २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सॅकेट खटल्यात कायद्याच्या संरक्षणाची व्याप्ती अतिशय आकुंचित केली. ज्या पाणथळीचा मोठ्या जलप्रवाहाशी पृष्ठभागावरून अखंड संबंध नाही, ती मध्यवर्ती कायद्याच्या बाहेर गेली. परवानाच नको, तर अंश कोण घेणार? तेव्हा केवळ विक्रीच्या आशेवर राखण सोपविणे हे उधाणाच्या दिवशी ओहोटीची वाट पाहण्यासारखे आहे. ज्यांनी ठेव आधीच बाजूस काढली, त्यांची भूमी अशा दिवसांतही सांभाळली जाऊ शकते.

आपल्या देशात अशी अंश विकणारी पाणथळ-पेढी नाही. परंतु भरपाईचे तत्त्व आले आहे. वनजमीन अन्य कामास दिल्यास त्याबद्दल रक्कम भरावी, हा दंडक सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून रूढ झाला आणि २०१६ साली भरपाई वनीकरण निधीचा कायदा झाला. त्यातील शंभरातील नव्वद भाग राज्यांच्या निधीत जातात. महाराष्ट्रात २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन झाला. १७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत अधिकाराचा भंग होय, असा महत्त्वाचा निर्णय दिला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेसाठी सुमारे २२,००० खारफुटीची झाडे तोडण्यास परवानगी दिली. मूळ मागणी ५३,००० हून अधिक झाडांची होती, ती कमी करण्यात आली. आणि तोडीच्या पाचपट लागवड करण्याचे ठरले. टाळावे, कमी करावे, मग भरून द्यावे, ही पायरी येथेही दिसते. प्रश्न पुन्हा तोच : लावलेले रोप दहाव्या वर्षी उभे असेल काय आणि ते पाहावयास कोण जाईल?

हा प्रश्न मी पुस्तकातून काढलेला नाही. आमच्या शेजारच्या गावी काही वर्षांपूर्वी एका कामाच्या भरपाईपोटी खाडीच्या मळीत खारफुटीची रोपे लावली गेली. फलक लागला, छायाचित्रे निघाली, शाळेच्या मुलांना खाऊ वाटला. ज्या जागी रोपे लावली ती भरतीच्या मानाने फार खोल होती, हे तेथील कोळ्यांनी त्याच दिवशी सांगितले होते. परंतु त्यांना विचारले कोणी? दोन पावसाळ्यांनंतर मी मुद्दाम जाऊन पाहिले. फलक शाबूत होता. रोप एकही नव्हते. मी कोणास दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. लावण्याचा खर्च मंजूर होतो आणि राखण्याचा होत नाही, या सार्वत्रिक खोडीचा हा एक नमुना आहे.

आता आपल्या घरचे पाहू. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबई राज्यात खार जमिनींचा कायदा झाला आणि १९७९ मध्ये महाराष्ट्राने खार जमीन विकासाचा नवा कायदा केला. या कायद्यांखाली अनेक बंदिस्त्या शासनाने हाती घेतल्या, दगडी बांध व नव्या उघाड्या झाल्या. तथापि पुष्कळ बांध खाजगी योजनांत मोडतात व त्यांची निगा शेतकऱ्यांवरच आहे. आमच्या गावचा बांध त्यांपैकी एक. शिलोत्रीदार गेला, खोत गेला, मण गेला. हे सर्व जाणे योग्यच होते. परंतु मणाबरोबर राखणीचा निधीही गेला आणि त्याच्या जागी काही आले नाही. घरटी एक माणूस ही रीत माणूस घरी होता तोवर चालली. आज तो माणूस मुंबईस, पनवेलीस किंवा परदेशी आहे. मागील उधाणात उघाडीजवळ खांड पडली तेव्हा आम्ही अकरा जण जमलो, त्यांतील आठ साठीच्या पुढचे. आरोळी ऐकावयास आळीत तरुण कानच नव्हते.

अनेक बंधू म्हणतात, खार विकून टाकावी. आज ना उद्या भाव येईलच. ज्याची अडचण आहे त्याने विकली तर मी त्यास नावे ठेवणार नाही. पण एक गोष्ट आठवावी. बांध एका घराचा नसतो. मधल्या दहा घरांनी हात काढून घेतला की कडेच्या चाळीस घरांची शेते बुडतात. मग भाव येवो न येवो, त्यांना विकण्यावाचून गती राहत नाही. बांध मोडला म्हणजे जमीन स्वस्त होते, हे घेणाऱ्यास आपल्याहून आधी समजते.

म्हणून माझी एक सूचना आहे. मंडळाच्या ज्या कुटुंबांची एका बंदिस्तीत जमीन आहे, त्यांनी त्या बंदिस्तीपुरता एक बांधनिधी उभारावा. हिशेब पुन्हा समजुतीपुरता मांडतो. नित्याच्या डागडुजीस वर्षाला दोन लक्ष रुपये लागतात असे धरू. दहा वर्षांत एकदा मोठी खांड पडून दहा लक्ष लागतात असे धरले, तर त्याचे वर्षाकाठी एक लक्ष. मिळून तीन लक्ष. ठेवीवर सात टक्के व्याज मिळाले तरी चार टक्के महागाईसाठी मुद्दलातच मिळवावे लागतात. खर्चावयास तीन टक्केच उरतात. तेव्हा तीन लक्षांसाठी एक कोटीची ठेव हवी. आकडा ऐकून छाती दडपेल. परंतु दोनशे घरांत तो विभागला तर घरटी पन्नास हजार पडतात आणि दहा वर्षांत दिले तर वर्षाला पाच हजार. लग्नकार्यात मांडवाच्या एका कमानीस याहून अधिक खर्च होतो, हे आपण सर्व जाणतो.

निधी जमला तरी तीन पथ्ये पाळावी लागतील. ती तिन्ही वरील इतिहासातून निघतात. पैसा ज्यांच्या हाती असेल त्यांचे स्वतःचे शेत त्याच बांधाच्या आत असले पाहिजे. हे शिलोत्री व गावकरी यांची तुलना शिकविते. निधी ज्या कामासाठी आहे त्याखेरीज दुसऱ्या कामास, मग ते कितीही पुण्याचे असो, लागता कामा नये. हे गोव्याची मानस शिकविते. आणि काम संपले असे कोणत्याही वर्षी समजू नये. हे अमेरिकेतील कायम ठेव शिकविते. यास एक चौथे पथ्य मी माझ्या अनुभवाने जोडतो : बांधाबाहेरची खारफुटी तोडू नये, तोडू देऊ नये आणि जेथे नवी लावावयाची तेथे आधी कोळ्यांना विचारावे.

आपल्या पूर्वजांच्या बंदिस्तीनेही मूळची भरतीची पाणथळ आवळली गेली, हे खरे आहे. आज तसा नवा बांध घालू नये, हेही खरे. परंतु जो घातला आहे व ज्यावर घरे जगत आहेत, तो राखणे निराळे. खारीच्या आत पावसाचे पाणी साठते, जिताडा वाढतो, बगळे उतरतात. ती आता स्वतःच एक पाणथळ झाली आहे.

माझ्या वाट्यास सव्वा एकर खार आहे. मुलगा नोकरीनिमित्त दूर असतो, त्याने परवा विचारले, "अण्णा, ती जमीन ठेवून करायचे काय?" मी त्यास हा सर्व इतिहास सांगितला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग माझ्या नावाचे पाच हजार लिहा." माझे पाच हजार मी आधीच वेगळे ठेवले आहेत. आमच्या गावच्या वहीत येणेप्रमाणे दोन नावे झाली. उरलेल्या घरांची नावे लिहिण्यासाठी मी पाने कोरी सोडली आहेत. मंडळाच्या येत्या वार्षिक सभेस ती वही घेऊन मी दाराशी बसेन. बंधुभगिनींनी येता-जाता क्षणभर थांबावे, एवढीच नम्र विनंती.